गाठींना उतार, आईंना पायऱ्या



गेल्या गुरुवारी मुलाचा डबा घेऊन मी स्वतःच अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेले. रोज डबा नेणारा माणूस त्या दिवशी सुट्टीवर होता. आमच्या टॉवेलच्या शेडपुढे टेम्पो लागला होता आणि पॅकिंगमधला पोरगा हातगाडीवर गाठ घालून एकटाच वर ढकलत होता. आमच्या शेडचा ओटा जमिनीपासून दीड फूट उंच. एका बाजूला तीन पायऱ्या, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा उतार. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेतच. मी पायऱ्या सोडल्या आणि गाठीच्या मागोमाग उतारावरून वर गेले.

डबा टेबलावर ठेवला आणि तिथेच खुर्चीवर विचार करत बसले. हा उतार मामंजींनी शेड बांधतानाच करून घेतला होता. "गाठी उचलून उचलून माणसाची कंबर जाते, आणि माणसाची कंबर गेली की धंद्याचीही जाते," असं ते म्हणायचे. त्या उताराला कोणी दान म्हटलं नाही, त्यावर नावाची पाटी लावली नाही. माल आत-बाहेर व्हायचा तर उतार हवाच, इतका साधा हिशेब. एमआयडीसीतल्या बहुतेक शेडमध्ये तुम्हाला तो दिसेल.

मग मी आपल्या धर्मशाळा, भोजनशाळा, मंदिरं एकेक करून डोळ्यांपुढे आणली. बी.कॉम. झालेली बाई, मोजायची सवय जात नाही. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या क्षेत्रांवर मुक्काम केला, त्यांतल्या किती ठिकाणी गाडीतून उतरून खोलीपर्यंत एकही पायरी न चढता जाता आलं? मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली.

आज याच विषयावर थोडं स्पष्ट लिहिणार आहे. कोणाला लागलं तर आधीच क्षमा मागते.

आईंचे मोजे

फेब्रुवारी 2018 मध्ये श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांनी येणारा सोहळा. आमच्या मंडळाची बस ठरली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणायचो, तेव्हा 84 वर्षांच्या होत्या. बीपी होतं, गुडघे गेले होते, पण डोकं शेवटपर्यंत लख्ख. स्वयंपाकघरात आम्ही दोघी जावांनी हळू आवाजात ठरवून टाकलं की त्यांना झेपणार नाही. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या पायऱ्याच साडेसहाशेच्या आसपास, त्यात ती गर्दी. आईंनी ते ऐकलं असावं. संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं. मी घरूनच भाववंदना करते." आणि रुमालाच्या गाठीतून 108 रुपये काढून माझ्या हातावर ठेवले, कलशाला म्हणून.

आम्ही गेलो, अभिषेक पाहिला, धन्य झालो, त्यांच्यासाठी बाटलीत गंधोदक आणलं. त्यांनी ते मस्तकी लावलं. विषय संपला असं मला वाटलं.

2021 मध्ये आई गेल्या. त्यांचं कपाट आवरताना खालच्या खणात नवे कोरे जाड मोजे सापडले, लेबलसकट. डोंगरावर चप्पल चालत नाही, खडक तापतो, म्हणून यात्रेकरू मोजे घालून चढतात, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असणार. मोज्यांच्या घडीत वर्तमानपत्रातलं बाहुबलींचं कात्रण होतं.

आईंना नेता आलं नसतंच का? मला आजही सांगता येत नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. तिथे डोली मिळते. सोहळ्याच्या गर्दीत कदाचित जमलं नसतं, पण दिवाळीनंतरच्या एखाद्या साध्या आठवड्यात जमलं असतं. डोलीही नको म्हणाल्या असत्या, तरी 57 फुटांच्या त्या मूर्तीचा वरचा भाग दुरूनसुद्धा दिसतो. पायथ्याशी खुर्ची टाकून त्यांना तासभर बसवता आलं असतं. त्यासाठी एक फोन लागत होता, आणि तो मी केला नाही. वहीत खर्च लिहायचा राहिला तर नंतर लिहिता येतो. हा खर्च आता कुठे लिहू?

"उचलणारे खूप भेटले"

माझ्या नणंदबाईंना लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर लावून त्यांनी शिक्षण केलं, बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्या. आता लांबच्या चालीला चाकाची खुर्ची वापरतात. आमच्या घरात सगळ्यात जास्त फिरलेली बाई कोण विचाराल, तर ताईच.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्यासोबत एका क्षेत्रावर गेलो होतो. खोली मिळाली पहिल्या मजल्यावर. कार्यालयातले भाऊ अगदी प्रेमाने म्हणाले, "काळजी करू नका, चार पोरं बोलावतो, खुर्चीसकट वर नेतो." आणि नेलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, ताईंचा पदर सरकला, खाली पंचवीस माणसं बघत उभी. ताई त्या वेळी हसल्या. रात्री अंथरुणावर मला म्हणाल्या, "मला उचलणारे खूप भेटले गं. आधी विचारणारं कोणी भेटलं नाही."

त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. जानेवारी 2001 मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले होते. ते खुर्चीवरून हलू शकत नव्हते. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी लाकडी उतार बसवले. वर्षानुवर्षं जे होत नव्हतं ते एका पाहुण्यासाठी झालं. ताईंचं म्हणणं एवढंच, की जे पाहुण्यासाठी होतं ते घरच्या माणसासाठीही होऊ शकतं. मनात यायला हवं.

कायदा काय म्हणतो

आपण देवाच्या दारी कायदा काढत नाही, पण माहिती असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणायचं हे लिहिलं आहे, आणि सरकारी असो वा खासगी, धार्मिक कामासाठी लोक वापरतात ती इमारतही त्यात येते. म्हणजे आपली धर्मशाळा आणि आपलं मंदिरही. जुन्या इमारतींत सोय करायला पाच वर्षांची मुदत होती, ती कधीच उलटली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की या सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

प्रवासाच्या सवलतींचंही सांगते. आपल्या राज्यात 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. 2024 मध्ये राज्य सरकारने 60 वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली. लोअर बर्थ देताना ज्येष्ठांचा विचार होतो, तेवढा आधार उरला आहे. तिकीट फुकट झालं तरी एसटीची पहिली पायरी तेवढीच उंच आहे, हे लक्षात असू द्या. खिशाची सोय आणि पायाची सोय ही दोन वेगळी खाती आहेत. सरकार पहिल्यात थोडंफार जमा करतं, दुसरं बरंचसं रिकामंच आहे.

"तीर्थ म्हणजे कष्ट" म्हणणाऱ्यांसाठी

हा विषय मंडळात काढला की दोन उत्तरं येतात.

पहिलं उत्तर असं, की तीर्थवंदना हे तप आहे, कष्ट नकोत तर जायचं कशाला? मला ते पटतं, अर्ध्यापर्यंत. शिखरजीची 27 किलोमीटरची वंदना मी स्वतः पायी केली आहे, वयाच्या पन्नाशीत. पहाटेच्या अंधारात निघून दुपारी खाली आले तेव्हा जे वाटलं ते शब्दांत येणार नाही. पण ते तप मी निवडलं होतं. गुडघे गेलेल्या बाईसमोर तीन पायऱ्या आणि कठडा नाही, याला तप म्हणत नाहीत. ती गैरसोय आहे. कठडा बसवला म्हणून धडधाकट माणसाचं तप कमी होत नाही, त्याने तो धरू नये.

आणि तपाचंच बोलायचं तर आपल्याकडे अंतरंग तपं सहा सांगितली आहेत, त्यांत वैयावृत्त्य आहे. सोळाकारण भावनांतही वैयावृत्त्य आहे. थकलेल्या, आजारी धर्मात्म्याची सेवा. आपण सोळाकारणाची पूजा करतो, उपवास करतो, उद्यापन थाटात करतो. मग धर्मशाळेच्या न्हाणीघरात हाताशी धरायला एक दांडी बसवणं त्या भावनेत बसत नाही का? माझ्या मते सगळ्यात आधी बसतं.

दुसरं उत्तर असतं पर्यटनाचं. "सोयी केल्या की क्षेत्राचं पर्यटनस्थळ होतं." ही भीती खोटी नाही. शिखरजीला पर्यटनस्थळ करण्याविरुद्ध 2022 च्या अखेरीस आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला आणि 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. मी त्या बाजूचीच आहे. डोंगरावर हॉटेलं नकोत, गाणी नकोत, सहलीचा गोंगाट नको. प्रत्येक डोंगरावर रोपवे हवा असंही मी म्हणत नाही. गिरनारचंच घ्या. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथे रोपवे सुरू झाला, पण तो अंबाजीपर्यंत जातो. नेमिनाथ भगवंतांची मंदिरं त्याच्या खालच्या टप्प्यावर, म्हणजे पायऱ्या उतरून यायचं आणि परत चढायचं. पाचव्या टोंकेसाठी पुढे पुन्हा पायऱ्याच. रोपवेचं तिकीट काढलं म्हणजे आजी दर्शन करून येईल, असं समजून गेलेल्यांची तिथे फजिती होते.

म्हणून माझी मागणी डोंगरावरची कमी आणि पायथ्याची जास्त आहे. वर जाणं न जाणं ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर. पण पायथ्याशी राहणं, न्हाणं, जेवणं, देवापुढे बसणं, एवढं तरी कुणाच्या आधाराची वाट न बघता व्हावं. यात पर्यटन कुठे आलं?

भाववंदनेविषयीही एक शब्द. घरी बसून केलेली भाववंदना थोर आहे, पण ती करणाऱ्याने ठरवावी. आपण आपल्या सोयीसाठी ती दुसऱ्याला सुचवायची नाही. ही चूक मी केली आहे, म्हणून सांगते.

निघण्याआधी विचारायचे प्रश्न

आपल्या बायकांची अडचण वेगळीच असते. हॉटेलात लिफ्ट असते, कमोड असतो, पण जेवणात कांदा-लसूण. धर्मशाळेत जेवण आपलं, सूर्यास्ताआधी गरम गरम, पण संडास खाली बसायचा आणि खोली वर. ज्येष्ठ माणूस या दोहोंत अडकतो आणि शेवटी घरीच राहतो. ताईंनी शिकवलेले प्रश्न देते, वहीत उतरवून घ्या.

1. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? "थोड्याच आहेत" हे उत्तर घेऊ नका, आकडा मागा. खोली तळमजल्यावरचीच मागा.

2. कमोड आहे का, आणि न्हाणीघराचं दार किती रुंद आहे? चाकाची खुर्ची साधारण 26 इंच रुंद असते. दोन फुटी दारातून ती आत जाणार नाही. व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, दाराशी टेप धरून.

3. न्हाणीघरात बसायला स्टूल, धरायला दांडी आणि पाय न घसरणारी फरशी आहे का? दांडी नसेल तर निदान रबरी चटई आपली न्या.

4. भोजनशाळेत टेबल-खुर्ची आहे का? साखरेच्या आजाराची गोळी घेणाऱ्यांना जेवणाची नेमकी वेळ माहीत हवी, विशेषतः चौविहार करणाऱ्यांना.

5. चढणीला कठडा आहे का? बसायला बाकं किती अंतरावर आहेत? डोली मिळते का, दर काय? गिरनारला डोलीचा दर वजनावर ठरतो, तेव्हा घरूनच वजन करून जा, म्हणजे चारचौघांत काट्यावर उभं राहावं लागत नाही. आणि डोलीवाल्याशी घासाघीस करू नका. आपलं ओझं तो खांद्यावर घेतो.

6. मंदिराला उंबरा केवढा? काठी, वॉकर आत नेऊ देतात का?

7. रात्री डॉक्टर कुठे मिळेल?

फोनवर हे सगळं विचारलं की समोरचा माणूस कधी कधी वैतागतो. वैतागू दे. दहा जणींनी विचारलं की अकरावीच्या आधी तिथे कमोड बसलेला असेल.

आणि पहिल्या खेपेला सोपं क्षेत्र निवडा. कुंभोज बाहुबलीला आश्रमाच्या आवारातली 28 फुटी मूर्ती डोंगर न चढता दिसते. दिवसाला एकच ठिकाण, सकाळी दर्शन, दुपारी आराम. पाच दिवसांत अकरा क्षेत्रं करणारी बस म्हाताऱ्यांसाठी नाही, आणि खरं तर कुणासाठीच नाही.

दानाची पावती

आता पैशाचं. माझा उतारांचा अभ्यास झाला आहे तो सांगते. माणसासाठीच्या उताराचं माप एकास बारा. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लांब उतार हवा. त्या गुरुवारी मी मुलाकडून टेप मागवून आमच्या शेडचा उतार मोजला. बारा फूट भरला. गाठीला चालतो, खुर्चीला जरा चढाच.

एमआयडीसीतल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मंडळाने कोटेशन घेतलं: आमच्या मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी पाइपचा कठडा, शेजारी उतार, आणि एका न्हाणीघरात दांडी व कमोड. आकडा आला तो मंडळाच्या एका सहलीच्या खर्चापेक्षा कमी. वाद झालाच. रस्त्यावरची चाकं गाभाऱ्यापर्यंत कशी आणायची, हा काहींचा प्रश्न रास्त होता. तोडगा ताईंनीच काढला. पूजेचे कपडे जसे वेगळे ठेवतो, तशी एक चाकाची खुर्ची मंदिराचीच, फक्त आत वापरायची. बाहेरची खुर्ची बाहेर थांबते. काठीच्या टोकाचं रबर पुसायला दाराशी ओलं फडकं. चार महिने झाले. दोन-दोन वर्षं मंदिरात न आलेल्या तीन आजी आता रोज अभिषेकाला असतात.

पुढच्या वेळी घरात कुणाच्या स्मरणार्थ दान द्यायचं असेल, तेव्हा संगमरवराची आणखी एक पाटी लावण्याऐवजी त्या क्षेत्राला विचारा, "तुमच्याकडे तळमजल्यावर कमोडची खोली किती आहेत? एक आमच्याकडून घ्या." आम्ही आईंच्या नावाने हेच ठरवलं आहे. खोलीवर नाव घालायचं नाही. आत धरायला दांडी मजबूत हवी, एवढी एकच अट.

पुढचा महामस्तकाभिषेक 2030 मध्ये येईल. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन आणि स्वयंपाकघरात माझी सून हळू आवाजात माझ्याविषयी बोलत असेल. तिला मी आजच सांगून ठेवलं आहे, की बाई, ठरवण्याआधी एक फोन कर आणि मला विचार. झेपणार नसेल तर तेही मीच सांगेन. आईंचे मोजे माझ्या कपाटात आहेत. ते घेऊनच जायचं आहे, डोंगर चढणं झालं तर ठीक, नाहीतर पायथ्यापर्यंत.

तुमच्या घरी असं कोणी मागे राहिलेलं असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि एवढंच विचारा, "तुम्हाला कुठे जायचंय?"

उत्तर ऐकून घ्या. बाकीची व्यवस्था आपण करू.

जय जिनेंद्र.